पुस्तक हातात घेऊन कातालुन्या पायी पाहायचा असेल तर: कातालान लेखकांच्या वाटा, टप्प्याटप्प्याने

कातालुन्या हा स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातला प्रदेश, आणि बार्सिलोना ही त्याची राजधानी. बार्सिलोनाला जाणारे बहुतेक लोक गौदीच्या इमारती बघतात, रांब्लावर फिरतात आणि परततात. ज्या भाषेत या शहरातली कित्येक घरं बोलतात, त्या कातालान भाषेचे लेखक मात्र बघायचे राहून जातात. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, म्हणजे १९३९ पासून १९७५ पर्यंत, ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून आणि सार्वजनिक व्यवहारातून बाजूला सारली गेली. कित्येक लेखक परदेशात गेले, कित्येक देशातच गप्प बसले. त्या काळात आणि त्याच्या आगेमागे लिहिलेल्या पुस्तकांत गल्ल्या, चौक, टेकड्या, वारे यांची नावं आणि वर्णनं विलक्षण नेमकी आहेत. ती पुस्तकं घेऊन आजही त्याच वाटांवरून चालता येतं.

असं फिरताना मी एक नियम पाळावा असं आग्रहाने सांगेन: एका दिवशी एकच लेखक, आणि शक्यतो एकच पुस्तक. लेखकाचं जन्मघर, पुतळा, भिंतीवरची पाटी यांना पुस्तकातल्या वाटेनंतरचं स्थान द्या. दिवसाला बारा पाट्यांचे फोटो काढून हाताला काही लागत नाही. एका पानातला एक चौक, त्याच चौकात उभं राहून वाचला, तर ते पान पुढे विसरायला होत नाही.

घरून निघण्याआधीची तयारी

तयारीचा पहिला भाग वाचनाचा, आणि तो प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावा. कातालान येत नसलं तरी अडत नाही, मुख्य पुस्तकं इंग्रजीत मिळतात. मेर्से रोदोरेदा यांची ‘ला प्लासा देल दियामान’ ही कादंबरी डेव्हिड रोझेंथल आणि पीटर बुश या दोघांनीही इंग्रजीत आणली आहे. जोझेप प्ला यांची ‘एल क्वादेर्न ग्रिस’ ही डायरी पीटर बुश यांनी, तर व्हिक्तोर काताला यांची ‘सोलितुत’ ही कादंबरी रोझेंथल यांनी अनुवादित केली आहे. वाचताना जागेचं नाव आलं की समासात खूण करा. वाचून झालं की त्या खुणांमधले चार-पाच उतारे निवडा, प्रत्येकी एक पान किंवा त्याहूनही कमी. चालता चालता कोणी प्रकरणंच्या प्रकरणं वाचत नाही, तेव्हा निवड आधीच करून ठेवलेली बरी.

दुसरा भाग नकाशाचा. कातालान साहित्याच्या वारशाशी निगडित घरं, संग्रहालयं आणि प्रतिष्ठानं यांचं ‘एस्पाइस एस्क्रित्स’ नावाचं जाळं आहे. त्यांनी ‘मापा लितेरारी काताला’ हा नकाशा इंटरनेटवर ठेवला आहे. एखाद्या ठिकाणावर टिचकी मारली की त्या जागेबद्दल कोणी काय लिहिलंय तो उतारा समोर येतो. मजकूर कातालानमध्ये असतो, पण मोबाइलवरच्या भाषांतरातून अर्थ बऱ्यापैकी लागतो. आपल्या खुणा या नकाशाशी ताडून बघा. पुस्तकात नाव नसलेल्या, पण वर्णनावरून ओळखल्या गेलेल्या जागाही इथे सापडतात.

मग थांब्यांचा क्रम लावा. बार्सिलोनात दिशा सांगताना लोक ‘डोंगराकडे’ आणि ‘समुद्राकडे’ असंच म्हणतात, कारण शहर डोंगराकडून समुद्राकडे उतरत जातं. शक्य असेल तिथे वरून सुरुवात करून खाली या. नकाशा जितका वेळ दाखवतो त्याच्या दुप्पट धरा, कारण तुम्ही थांबणार, वाचणार, बसणार. अर्ध्या दिवसाला तीन-चार किलोमीटर पुष्कळ झाले.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. मार्च ते मे आणि सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हे चालण्यासाठी चांगले महिने, आणि वसंतातल्या तारखा मिळवायच्या तर व्हिसाच्या भेटीची वेळ लवकर घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन चालू देत नाही.

पहिली वाट: ग्रासिया आणि कोलोमेता

सुरुवात इथूनच करा. मेट्रोच्या तिसऱ्या, हिरव्या मार्गावर ‘फोंताना’ स्थानकाला उतरलं की तुम्ही ग्रासियात असता. १८९७ पर्यंत हे वेगळं गाव होतं, नंतर बार्सिलोनात सामील झालं. अरुंद सरळ गल्ल्या, दोन-तीन मजली घरं, आणि दर थोड्या अंतरावर एक छोटा चौक, हा गावपणा अजून टिकून आहे.

‘ला प्लासा देल दियामान’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिली तेव्हा रोदोरेदा जिनेव्हात राहत होत्या, बार्सिलोना सोडून त्यांना वीस वर्षं उलटली होती. ‘कोलोमेता’ या नावाने ती एका पुरस्काराला पाठवली होती, पण पुरस्कार मिळाला नाही. पुढे जोआन सालेस यांनी ती छापली. गोष्ट नातालिया या साध्या मुलीची आहे. चौकातल्या जत्रेत तिला किमेत भेटतो, नाचता नाचता तिला ‘कोलोमेता’, म्हणजे कबुतरी, म्हणू लागतो, आणि तिचं खरं नाव बाजूला पडतं. लग्न, मुलं, गच्चीवर वाढत जाणारी कबुतरं, स्पेनमधलं यादवी युद्ध, भूक, सगळं तिच्याच तोंडून येतं. ती राजकारणावर भाष्य करत नाही. भांडी, दार, कपडा, वास यांबद्दल बोलते, आणि त्यातूनच युद्ध दिसतं.

पहिला थांबा प्लासा देल दियामान. फोंतानापासून पाच मिनिटांचं अंतर. चौक अगदी साधा आहे, आणि कादंबरी वाचून आलेल्या कित्येकांचा इथे थोडा विरस होतो. होऊ द्या, आणि बाकावर बसून पहिलं प्रकरण वाचा. कागदी पताकांच्या खाली वाद्यं वाजतायत, लॉटरीत कॉफीची भांडी आहेत, त्यांवर मधोमध कापलेल्या संत्र्याचं चित्र आहे, आणि नातालियाच्या परकराचं इलॅस्टिक कमरेला काचतंय. या इलॅस्टिककडे लक्ष ठेवा. पूर्ण प्रकरण त्या काचण्यावर चाललेलं आहे, आणि ती चौकातून पळत सुटते तेव्हा ते तुटतं. त्या रात्रीचं सगळं अवघडलेपण, हवंहवंसं वाटणं आणि भीती, रोदोरेदांनी एका परकरात बसवलंय. आजूबाजूला मुलं फुटबॉल खेळत असतात, त्यांच्या आरड्याओरड्यात हे पान जास्त चांगलं वाचून होतं.

चौकाच्या एका बाजूला शिल्पकार झाविएर मेदिना-कांपेनी यांचं १९८४ सालचं ‘ला कोलोमेता’ हे शिल्प आहे: एक स्त्री आणि तिच्याभोवती कबुतरं. शिल्प बघण्याआधी शेवटची प्रकरणं वाचलेली असावीत, नाहीतर तिचं उघडलेलं तोंड कशासाठी ते कळत नाही.

याच चौकाखाली, सुमारे बारा मीटर खोल, यादवी युद्धातला हवाई हल्ल्यांपासूनचा आसरा आहे. तो परिसरातल्या लोकांनी स्वतः खणला होता आणि १९९२ मध्ये पुन्हा सापडला. आत मार्गदर्शकासोबतच जाता येतं आणि नोंदणी आधी करावी लागते, तेव्हा तुमच्या फेरीचा दिवस त्या भेटीच्या वेळेवरून ठरवा. कादंबरीतल्या युद्धाची प्रकरणं खाली उतरण्याच्या आदल्या रात्री वाचून ठेवा.

तिथून कारेर ग्रान दे ग्रासियाला या. हा भागातला मोठा, रहदारीचा रस्ता. कादंबरीत त्याला नुसता ‘मोठा रस्ता’ म्हटलंय आणि नातालिया त्याला बिचकते. या रस्त्यावरच्या मेणकापडाच्या दुकानाच्या काचेत बाहुल्या मांडलेल्या असतात, त्या बघत ती थांबते, पुन्हा पुन्हा थांबते. ते दुकान शोधत बसू नका. रस्त्याच्या एका कडेला उभं राहून, दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजात, तिने रस्ता ओलांडण्याचा प्रसंग वाचा.

पुढे समुद्राच्या बाजूला पाच-सात मिनिटांवर मेरकात दे ला लिबेर्तात हा १८८८ सालचा लोखंडी छपराचा बाजार आहे. बाजाराच्या वासाचं जे वर्णन रोदोरेदा करतात, ते इथे सकाळी अकराच्या आत वाचावं, म्हणजे मासळीचे गाळे चालू असतात. दुपारी बाजार ओस पडतो.

मग गल्ल्यांतून परत वर या. वाटेत घरांचे जिने उघडे दिसले तर आत एक नजर टाका. कादंबरीत एका जिन्याच्या भिंतीवर तराजूचं चित्र कोरलेलं आहे आणि नातालिया येता-जाता त्यावरून बोट फिरवते. अशा जिन्यांचा अंधार, लाकडी कठडा, मधली उजेडाची खिडकी बघितली की तो प्रसंग हाताला लागतो. अर्थात लोकांच्या घरात शिरायचं नाही, दारातूनच बघायचं.

फेरीचा शेवट पुन्हा प्लासा देल दियामानला करायचा आहे, कारण कादंबरीही तिथेच येते. शेवटाकडे नातालिया पहाटे उठते, हातात सुरी घेऊन जुन्या घरापर्यंत चालत जाते, सुरीच्या टोकाने दारावर ‘कोलोमेता’ असं कोरते, आणि मग चौकात येऊन ओरडते. जमलं तर ही वाट सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत चाला. दुसऱ्या दिवशी तेवढ्यासाठी परत आलात तरी हरकत नाही.

ऑगस्टच्या मध्यात ग्रासियाची ‘फेस्ता माजोर’ असते. शेजारीपाजारी मिळून टाकाऊ वस्तूंतून अख्खी गल्ली सजवतात. कादंबरीची सुरुवात या जत्रेत होते, म्हणून मोह होतो. गर्दीत वाचन मात्र जमणार नाही, हे धरून चला.

रोदोरेदांची समाधी इथे नाही. १९७० च्या दशकात त्या जिरोना प्रांतातल्या रोमान्या दे ला सेल्वा या टेकडीवरच्या चिमुकल्या गावात राहायला गेल्या, तिथे त्यांनी ‘मिराल त्रेंकात’ ही कादंबरी पूर्ण केली, आणि १९८३ मध्ये निधनानंतर तिथल्याच दफनभूमीत त्यांना ठेवलं. गाडी असेल तरच तिकडे वळा.

शहरातल्या दोन छोट्या वाटा

जुन्या शहरात संध्याकाळचा एक तास असेल तर कारेर कानुदावरच्या ‘आतेनेउ बार्सेलोनेस’ या वाचनालय-संस्थेपासून निघा. इथल्या अड्ड्यावर प्ला तरुणपणी बसत. तिथून कारेर पेत्रिचोल ही अगदी चिंचोळी गल्ली गाठा. चार नंबरच्या घरात नाटककार आंजेल गिमेरा राहत आणि १९२४ मध्ये तिथेच वारले. गल्लीत दाट गरम चॉकलेटची जुनी दुकानं आहेत. पुढे प्लासा देल पीला लागून असलेल्या प्लासा दे सांत जोझेप ओरिओलमध्ये गिमेरांचा पुतळा आहे, आणि कथीड्रलजवळ प्लासा नोव्हामध्ये कवी जोआन ब्रोसा यांची ‘बार्सिनो’ ही सुटी सुटी अक्षरं उभी आहेत. बार्सिनो हे शहराचं रोमन नाव. उजेड शिल्लक असेल तर बंदरावर मोल दे ला फुस्ताला जा, तिथे कवी जोआन साल्व्हात-पापासेइत यांचं स्मारक आहे. ते याच धक्क्यावर लाकडाच्या राशींची रात्रपाळीची राखण करत आणि १९२४ मध्ये तिशीतच क्षयाने गेले. ही वाट ओळख करून देणारी आहे, खोलात नेणारी नाही, आणि एका दिवशी एकच लेखक या नियमाला एवढाच अपवाद करावा.

दुसरी वाट जंगलातली. प्लासा कातालुन्याहून एफजीसी रेल्वेने ‘बाइशादोर दे वाल्विद्रेरा’ला उतरा आणि खुणेच्या पायवाटेने दहा-पंधरा मिनिटं चढून ‘विला जुआना’ या घराशी पोहोचा. इथे १० जून १९०२ रोजी कवी जासिंत वेर्दागेर वारले. कातालान काव्याला नव्याने उभं करणारा हा शेतकऱ्याच्या घरातला पाद्री. ‘ल’आत्लांतिदा’ या महाकाव्याने त्यांना १८७७ मध्ये प्रसिद्धी दिली. कोमिलासच्या मार्क्विसच्या बंगल्यात ते पाद्री म्हणून राहत आणि दानधर्म बघत. नंतर श्रीमंत यजमान आणि बिशप दोघांशी बिनसलं, धर्मकृत्यांचा अधिकारही काही काळ काढून घेतला गेला. रांब्लावर त्यांचं वैभवाचं घर पालाउ मोजा उभं आहे. सकाळी ते बाहेरून बघून मग या जंगलातल्या घरी आलात, तर त्यांच्या आयुष्याचा उतार तुमच्या पायांनाच कळतो. घरात आता शहर संग्रहालयाचं साहित्यदालन आहे. मोठं नाही, तासाभरात होतं.

आरेन्स दे मार: तीस छोट्या कवितांचं गाव

कवी साल्व्हादोर एस्प्रिऊ यांच्यासाठी अर्धा दिवस पुरतो, पण तो घाईचा नको. रोदालिएस या लोकल रेल्वेच्या आर-१ मार्गाने बार्सिलोनाहून तासाभरात आरेन्स दे मार येतं. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा, रुळ अक्षरशः वाळूला लागून जातात.

एस्प्रिऊ यांचं बालपण या गावाशी बांधलेलं. गावाच्या नावाची अक्षरं उलटी करून त्यांनी ‘सिनेरा’ तयार केलं आणि त्या नावाखाली आपलं सगळं हरवलेलं जग मांडलं. ‘सेमेंतिरी दे सिनेरा’ १९४६ चं, यादवी युद्ध हरल्यानंतरचं, भाषेवर बंदी असतानाचं. तीस कविता, बहुतेक आठ-दहा ओळींच्या. कवितेत एक माणूस समुद्र, पाइनच्या टेकड्या, द्राक्षमळे आणि कोरड्या ओढ्यांच्या धुळीतून आपल्या मेलेल्यांकडे चालत जातो. तुम्हीही तसंच चाला.

स्थानकातून ‘रिएरा’ने वर निघा. गावाचा हा मुख्य रस्ता म्हणजे मुळात पावसाळी ओढ्याचं पात्र, पाऊस झाला की पूर्वी पाणी थेट यातून समुद्रात जायचं. ओढा आणि धूळ कवितांत वारंवार का येतात, ते या रस्त्यावर समजतं. सांता मारिया चर्चमध्ये पाउ कोस्ता यांनी घडवलेली अठराव्या शतकाच्या सुरुवातीची सोनेरी वेदी आहे, ती उघडी असेल तर बघा. मग पायऱ्यांनी टेकडीवरच्या दफनभूमीकडे चढा. सरूची झाडं, पांढऱ्या भिंती, आणि खाली समुद्र. एस्प्रिऊ यांचा भिंतीतला कोनाडा शोधायला जरा वेळ लागतो, कारण तो इतरांसारखाच आहे. ते १९८५ मध्ये गेले. इथे जोझेप ल्यिमोना यांचीही शिल्पं आहेत.

वाचायची पद्धत अशी: चढताना वाचू नका. वर पोहोचून समुद्राकडे तोंड करून बसा आणि पहिल्या पाच-सहा कविता ओळीने वाचा. अनुवाद हातात असला तरी एक कविता मोबाइलवर मूळ कातालानमध्ये ऐका, शब्द कळले नाहीत तरी त्यांचा आखूडपणा कळतो. ही चालू दफनभूमी आहे, लोक आपल्या माणसांना फुलं घेऊन येतात. मोठ्याने वाचणं आणि फोटो दोन्ही आवरतं घ्या.

पालाफ्रुझेल ते तामारिऊ: प्ला यांच्या पायवाटेने

यासाठी पूर्ण दिवस आणि एक मुक्काम ठेवा. मला विचाराल तर या लेखातली सगळ्यात सुंदर वाट हीच.

जोझेप प्ला १८९७ मध्ये पालाफ्रुझेलला जन्मले. ‘एल क्वादेर्न ग्रिस’ची सुरुवात ८ मार्च १९१८ ला, त्यांच्या एकविसाव्या वाढदिवशी होते. फ्लूच्या साथीमुळे विद्यापीठ बंद पडलंय आणि हा कायद्याचा विद्यार्थी घरी परतलाय. पुढे रोज काय दिसलं, कोण भेटलं, वारा कुठून आला, जेवायला काय होतं, कॅफेत कोण काय बोललं, असं लिहीत जातो. हे सगळं १९६६ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला खंड म्हणून छापलं गेलं, आणि मधल्या काळात त्यांनी त्यावर भरपूर काम केलं होतं. म्हणजे एकवीस वर्षांच्या मुलाच्या नोंदींवर साठीतल्या माणसाचा हात फिरलेला आहे, हे वाचताना ध्यानात असू द्या.

आणखी एक गोष्ट लपवू नये. युद्धात प्ला फ्रँकोच्या बाजूने होते. या कारणाने अनेक कातालान वाचकांच्या मनात त्यांच्याबद्दल कायमची अढी राहिली. कातालान साहित्याचा सर्वोच्च सन्मान एस्प्रिऊंना १९७२ मध्ये आणि रोदोरेदांना १९८० मध्ये मिळाला, प्ला यांना कधीच मिळाला नाही. तरीही कातालान गद्य ज्याने रोजच्या बोलण्याइतकं सोपं केलं तो माणूस हाच, यावर त्यांचे टीकाकारही सहसा वाद घालत नाहीत.

बार्सिलोनाच्या एस्तासिओ देल नोर्त बसस्थानकातून पालाफ्रुझेलला बस मिळते, दोन-अडीच तास लागतात. गावाला रेल्वे नाही. आदल्या दिवशी दुपारी पोहोचा आणि गाव त्याच संध्याकाळी बघून घ्या. कारेर नोउवरच्या त्यांच्या जन्मघरात ‘फुंदासिओ जोझेप प्ला’ आहे, तिथे फिरण्याच्या वाटांची माहितीही मिळते. मग प्लासा नोव्हामध्ये, जिथे जुना ‘सेंत्रे फ्रातेर्नाल’ आहे, एक कॉफी घेऊन बसा आणि कॅफेतल्या गप्पांची एखादी नोंद वाचा. प्ला यांच्या काळात हे गाव बुचाच्या कारखान्यांवर जगत होतं. जवळच्या गाव्हारेस टेकड्यांत बूच-ओकची झाडं आहेत, त्यांची साल सोलून बाटल्यांची बुचं करत. गावात बुचाचं संग्रहालय आहे. सालीचा एक तुकडा हातात घेऊन बघा: बाहेरून खडबडीत आणि राखाडी, आतून पिवळसर, आणि वजन जवळजवळ नाहीच. डायरीतले कितीतरी मजूर, व्यापारी, क्लबातले वादविवाद या सालीभोवती फिरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार किलोमीटरवरच्या कालेल्याला चालत किंवा बसने जा. पोर्त बोच्या कमानींपाशी, मच्छीमारांच्या पांढऱ्या घरांसमोर, सुरुवात करा. इथून ‘कामी दे रोंदा’ लागते. पूर्वी तस्करांवर नजर ठेवायला पहारेकरी ज्या वाटेने किनाऱ्यालगत गस्त घालत, तीच ही वाट. जीआर-९२ या लांब पल्ल्याच्या मार्गाच्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या दगडांवर आणि झाडांवर रंगवलेल्या आहेत, त्या धरून चालायचं. ल्याफ्रांकपर्यंतचा टप्पा अर्ध्या तासाचा आणि सोपा.

ल्याफ्रांकहून मात्र खडी चढण आहे. सान सेबास्तिआचं दीपगृह समुद्रापासून दीडशे मीटरहून उंच कड्यावर आहे, १८५७ पासून चालू. शेजारी जुना टेहळणी बुरूज, प्रार्थनास्थळ आणि रोमनांच्या आधीच्या इबेरियन लोकांच्या वस्तीचे अवशेष आहेत. पाऊण तास धरा. जेवणाच्या आधी सर्वात मोठं वाचन इथेच करा, आणि वाऱ्याचं वर्णन असलेली नोंद निवडा. उत्तरेचा ‘त्रामुंताना’ कोरडा आणि जोरदार, नैऋत्येचा ‘गार्बी’ उन्हाळी दुपारी येणारा, पूर्वेचा ‘ल्येवांत’ लाटा आणि पाऊस आणणारा. प्ला हे वारे माणसांच्या स्वभावांशी जोडून बघतात. त्रामुंताना चालू असेल त्या दिवशी कड्याच्या कडेला जाऊ नका आणि पुढचा टप्पा सोडून द्या.

हवा शांत असेल तर पुढे तामारिऊपर्यंत साधारण दीड तास. वाट पाइनच्या रानातून वर-खाली जाते, काही ठिकाणी दगडांवरून पाय जपून ठेवावे लागतात, सँडल चालणार नाहीत. मधे पाणी मिळेल या भरवशावर राहू नका, माणशी दीड लिटर जवळ हवं. तामारिऊहून बस उन्हाळ्याबाहेर क्वचितच असते, तेव्हा परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा किंवा टॅक्सीचा नंबर घेऊन निघा.

जेवण हाही प्ला यांचा विषय. ‘एल के एम मेंजात’ हे त्यांचं पुस्तक पूर्णपणे खाण्यावर आहे. जानेवारी ते मार्च इथे समुद्री साळिंदर, म्हणजे ‘गारोइनेस’, खाण्याचा हंगाम असतो. शाकाहारी मंडळींनी टोमॅटो चोळलेला पाव ‘पा आम तोमाकेत’ आणि भाजलेल्या वांगी-ढोबळी मिरचीची ‘एस्कालिवादा’ मागवावी. एस्कालिवादावर कधीकधी अँचोवी मासा घालतात, तो नको असल्याचं आधीच सांगा.

वेळ उरला तर गावापासून तीन किलोमीटरवर ल्योफ्रिऊ आहे. तिथल्या ‘मास प्ला’ या शेतघरात प्ला यांनी आयुष्याचा उत्तरार्ध काढला आणि २३ एप्रिल १९८१ ला तिथेच वारले. घर खासगी आहे, बाहेरूनच बघायचं. दफनभूमी मात्र खुली असते.

मोंग्री: चढण हीच गोष्ट

कातेरिना आल्बेर्त या ल’एस्कालाच्या. १८९८ मध्ये ओलोतच्या काव्यस्पर्धेत त्यांच्या ‘ला इन्फांतिसिदा’ या नाट्यस्वगताला बक्षीस मिळालं. आपल्या बाळाला मारणाऱ्या मुलीचं हे मनोगत एका बाईने लिहिलंय हे उघड झालं आणि गदारोळ झाला. पुढे त्यांनी ‘व्हिक्तोर काताला’ हे पुरुषी नाव घेतलं. ‘सोलितुत’ १९०५ ची. नवविवाहित मिला, आळशी नवऱ्याबरोबर डोंगरातल्या एका आश्रमस्थानाची राखण करायला जाते. पुस्तक चढणीने सुरू होतं आणि मिला एकटी डोंगर उतरते तिथे संपतं.

तोरोएल्या दे मोंग्री गावापासून वर, चुनखडीच्या उघड्या डोंगरात, सांता कातेरिनाचं आश्रमस्थान आहे. कादंबरीतल्या जागेची प्रेरणा म्हणून तेच दाखवलं जातं. गावातून खुणा धरून आधी किल्ल्याच्या दिशेने चढा. सुमारे ३०० मीटरवरचा हा किल्ला १२९४ मध्ये बांधायला घेतला आणि अर्धवटच राहिला, चार भिंती आणि बुरूज, आत रिकामं. खिंडीतून पलीकडे उतरलं की दरीत आश्रमस्थान दिसतं. चढताना पहिलं प्रकरण वाचलेलं असू द्या: मिलाचा धापेने भरलेला ऊर, पुढे चाललेल्या नवऱ्याची पाठ, आणि कितीही चढलं तरी न येणारं ठिकाण. आश्रमस्थानाशी बसून मेंढपाळ गायेता याच्या गोष्टींचं एखादं पान वाचा, आणि शेवटचं प्रकरण गावात परतल्यावर. उतरताना पाय मोकळे हवेत, ढिल्या दगडांवर घसरायला होतं. सावली नाही. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे डोंगरातल्या वाटा कधीकधी बंद ठेवतात, म्हणून गावातल्या पर्यटन कार्यालयात विचारून मगच चढायला लागा. सगळं मिळून चार तास.

गाडी असेल तर: मेकिनेन्सा

एब्रो आणि सेग्रे नद्यांच्या संगमावरचं मेकिनेन्सा प्रशासकीयदृष्ट्या आरागोनमध्ये येतं, पण बोली कातालान. कोळशाच्या खाणी आणि नदीतल्या मालवाहू होड्या यांवर जगणारं हे गाव धरणांमुळे उठवलं गेलं, जुनी घरं पाडली गेली, लोक वरच्या नव्या गावात गेले. जेसुस मोंकादा (१९४१ ते २००५) याच गावचे. ‘कामी दे सिर्गा’ ही त्यांची १९८८ ची कादंबरी घरं पडण्याच्या आवाजाने सुरू होते. सिर्गा म्हणजे होडी प्रवाहाविरुद्ध ओढायचा दोर. पाण्याकाठी जुन्या गावाचे चौथरे आणि गल्ल्या आता साफ करून खुल्या संग्रहालयासारख्या राखल्या आहेत. तिथे चालताना पायाखाली उंबरठे आहेत आणि वर भिंती नाहीत. एका उंबरठ्यावर उभं राहून पहिली दोन पानं वाचा. ‘द टोपाथ’ हा ज्युडिथ विलिस यांचा इंग्रजी अनुवाद छापील मिळणं अवघड आहे, ग्रंथालयात किंवा जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधावा लागतो.

आठवडा कसा लावावा

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, तो दिवस मोंग्रीच्या चढणीला द्या. रविवारी पालाफ्रुझेलला मोठा आठवडी बाजार भरतो, त्यामुळे शनिवारी मुक्कामाला पोहोचणं सोयीचं. ग्रासियाला मधल्या वाराची सकाळ ठेवा आणि भूमिगत आसऱ्याची भेट वेगळ्या दिवशी असली तर तेवढ्यापुरते परत या. आरेन्ससाठी ढगाळ दिवसही चालतो. जंगलातलं विला जुआना पावसाच्या दुसऱ्या दिवशी टाळा, वाट चिखलाची होते.

२३ एप्रिलला सान जोर्दीचा दिवस असतो. रस्तोरस्ती पुस्तकांची आणि गुलाबांची टेबलं लागतात, लेखक सह्या देतात. त्या दिवशी कुठलीही वाट आखू नका. पुस्तकं विकत घ्या, कातालान मूळ प्रत आणि हातातला अनुवाद शेजारी ठेवून तुम्ही खूण केलेली पानं मूळ पुस्तकात शोधून द्यायला विक्रेत्याला सांगा. प्रकरणाचा क्रमांक माहीत असेल तर ते पटकन काढून देतात.